नलूआत्यांची शेगडी

नलूआत्या हिवाळ्यात घरात जाड ओव्हरकोट घालून बसायच्या आणि बाहेर निघाल्या की तो खुंटीला अडकवून साधं जाकीट चढवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बाहेर माणूस चालतो, अंगात ऊब येते. घरात नुसतं बसायचं, म्हणजे खरी थंडी घरातच." कोट त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा. बाह्या दुमडलेल्या, खिशात चष्मा, आलेपाकाच्या वड्या आणि कशाला ते देव जाणे, एक स्क्रूड्रायव्हर.

त्यांची माझी ओळख आमटीनं झाली. मी तेव्हा रेगेन्सबर्गमध्ये एका इंडियन रेस्टॉरंटच्या भटारखान्यात होतो. बार्शीचा, आठवीत शाळा सुटलेला, पुण्याच्या हॉटेलांत हात बसवून इथवर आलेला. दार वाजलं की वाटायचं, आता कागद मागणार आणि परत पाठवणार. एका दुपारी वेटर म्हणाला, बाहेर एक म्हातारी बाई कुकला बोलावतेय. मी हात पुसत बाहेर गेलो. टेबलाशी पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली बाई. वाटीकडे बोट दाखवून सरळ मराठीत म्हणाली, "डाल तडका लिहिलंय. यात आमसूल आणि गूळ कुणी घातला?"

चुकून पडला, असं मी काहीतरी पुटपुटलो.

"आमसूल चुकून पडत नाही. ते गावाहून डब्यात बांधून आणावं लागतं. कुठला तू?" बार्शी ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आल्झो," त्या जर्मनमध्ये 'तर मग' म्हणाल्या, "बार्शीत गूळ नाही घालत. पुण्याला जाऊन बिघडलास."

मी त्यांना मावशी म्हणायला लागलो तर म्हणाल्या, मावशी नको, मावशीला लोक गोड बोलून कामं सांगतात. आत्या म्हण, आत्याला घाबरतात. महिन्याभरात मी त्यांच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहायला गेलो. त्याआधी आम्ही चौघं जण रेस्टॉरंटच्या वर एका खोलीत झोपायचो. मी आभार मानायला लागलो तर त्या वैतागल्या. "रिकाम्या खोलीत उंदीर राहतात. तू निदान स्वयंपाक करतोस."

सरकारी पाकिटं मी महिनामहिना न उघडता ठेवायचो. आत्या ती जेवायच्या आधी उघडायच्या. "वाईट बातमी उपाशीपोटी वाचावी अनंता. मग जेवण गोड लागतं." बहुतेक वेळा बातमी वाईट नसायची. पण मला ते त्यांनी वाचून दाखवल्यावरच खरं वाटायचं. माझी बायको वैशाली गावाकडे माझ्या आईपाशी होती. तिला इकडे आणायचं तर केवढी कागदपत्रं लागतात ते मला आत्यांमुळे कळलं. परदेशी लोकांच्या ऑफिसात प्रत्येक खेपेला त्या माझ्याबरोबर आल्या. खिडकीपलीकडची बाई काही बोलायच्या आत "गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणायच्या, की ती बाई गोंधळून मऊ बोलायची.

नदीच्या अंगाला त्यांचं ते जुनं घर होतं, आणि बैठकीच्या भिंतीत उघडी शेकोटी. नवरा जर्मन. आत्या त्याला आयुष्यभर 'अहो' म्हणत आल्या आणि तो बिचारा ते लाडाचं नाव समजून कौतुकानं मित्रांना सांगायचा. त्यानं हौसेनं ती शेकोटी जपली होती. दिसायला सुंदर, पण कामाला शून्य. पेटवली की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. उलट खोलीतली असली-नसली ऊब धुराड्यातून वर निघून जायची. घरातलं तेलावरचं जुनं हीटिंग कधी चालायचं, कधी रुसायचं. अशाच एका हिवाळ्यात आत्यांच्या छातीत कफ साठला आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

तेव्हा मुलगा आला, निको. तो कायझर्सलाउटर्नला युनिव्हर्सिटीत होता. त्याला मराठी सगळं कळायचं, बोलायचा मात्र जर्मन. आत्या मराठीत भांडायच्या, तो जर्मनमध्ये, आणि भांडण अगदी व्यवस्थित चालायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या थंडीपर्यंत घर नीट गरम होणार असेल तर ठीक, नाहीतर घर विकायचं आणि आईनं त्याच्या गावात वृद्धांच्या होममध्ये राहायचं. आत्या म्हणाल्या, शेकोटीच्या जागी शेगडी बसवते, बंद काचेची, मग बघ.

शेगडी बघायला आम्ही दुकानं पालथी घातली. आत्या जणू मुलगी बघायला निघाल्यासारख्या. प्रत्येक शेगडीपाशी उभं राहून विक्रेत्याला तेच विचारायच्या: खाते किती, राख किती टाकते आणि रुसली तर काय करायचं. लांबलचक, चकचकीत शेगड्या त्यांनी लगेच नाकारल्या. "ही मिरवायला बरी. घरात नको." एका दुकानदारानं त्यांचं वय बघून लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी दाखवली. गोळ्या आपोआप आत पडतात, बटण दाबलं की पेटते, काही उचलायला नको. निकोला ती पटली. आत्यांना नाही. "बटणावर पेटतं ते यंत्र. माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे."

निको चिडला. तळघरातून लाकडं वर कोण आणणार, असं त्यानं जर्मनमध्ये विचारलं. एवढं जर्मन तोवर मला कळत होतं.

मी म्हणालो, "मी आहे ना."

कुणी मला विचारलं नव्हतं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला लाकडाच्या शेगड्या दाखवायला सांगितलं. मी किती वेळा ते वाक्य परत गिळायचा प्रयत्न केलाय. त्या क्षणी मात्र मला छाती भरून आल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं या देशात मी सगळ्यांकडून घेतच होतो; पहिल्यांदा कुणाला काही देऊ केलं होतं.

तरीही आत्यांनी लगेच ऑर्डर दिली नाही. मापं घेतली, घरी येऊन फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि पसंत पडलेल्या शेगडीच्या आकाराची पुठ्ठ्याची शेगडी करून शेकोटीत उभी केली. तिला स्केचपेननं दार काढलं, खटका काढला. संध्याकाळी ओव्हरकोट घालून त्या पुठ्ठ्यासमोर पुस्तक वाचत बसायच्या. मी हसलो तर म्हणाल्या, "जिच्याबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं, तिच्यासमोर चार दिवस बसून नको बघायला?" चार दिवसांनी त्यांनी पुठ्ठा दोन्ही बाजूंनी कापून लहान केला. खोली लहान आहे, मोठी शेगडी घेतली तर ती सदा अर्धपोटी जळेल आणि काच काळी करेल, हे धुराडी तपासणाऱ्या माणसानंही सांगितलं होतं. त्याच्या सहीशिवाय इथं काडी पेटवता येत नाही. जुनं धुराडं फार रुंद निघालं, म्हणून छपरावरून आत स्टीलची नळी सोडावी लागली. दोन माणसं दिवसभर वर-खाली ओरडत होती आणि आत्या खाली शेकोटीत डोकं घालून त्यांना बव्हेरियन बोलीत उत्तरं देत होत्या.

सही झाली. पहिला जाळ अगदी छोटा करायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण नवा रंग तापूनच पक्का होतो, तोवर त्याला हात लावायचा नाही, असं बजावून माणसं गेली. मी आपला भक्तिभावानं छोट्या पातेल्यात दूध घेऊन आलो. नवी चूल, दूध उतू घालायला नको? आत्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "माझ्या आईनं घातलं असतं," म्हणाल्या, आणि मला अडवलं नाही. दूध तापायला जन्म लागला. मग एकदम उतू गेलं ते कच्च्या रंगावर. असा काही वास सुटला की आम्ही दोघं नाकाला पदर आणि टॉवेल लावून अंगणात उभे. आठवड्यानं माणूस तपासायला आला, वरचा पांढुरका डाग बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं धुराड्यातून पाणी गळतंय. आत्यांनी त्याला शांतपणे समजावलं की आमच्याकडे घराचा विमा असा उतरवतात. विमा म्हटल्यावर त्यानं मान डोलावली.

दोन हिवाळे छान गेले. मी कामावर जाण्याआधी तळघरातून लाकडं वर आणून रचायचो, आदल्या दिवशीची राख काढायचो. रात्री आलो तर आत्या कोट न घालता बसलेल्या. टीव्ही असायचा, पण बंद. "यात रोज नवा पिक्चर असतो," काचेकडे बोट करून म्हणायच्या. निकोनं होमचं नाव काढणं सोडलं.

मग वैशालीचा व्हिसा होत आला. तिथवर तो आत्यांनीच आणला म्हणायला हरकत नाही. माळ्यावरची खोली दोघांना पुरेशी नाही, असं ऑफिसचं म्हणणं. आत्या म्हणाल्या, खालच्या दोन खोल्या घ्या, मला काय करायच्यात. मला वाटलं, सुटलो. वैशालीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी इथं सासूबाईंचं केलं. मनापासून केलं. आता तिथं येऊन पुन्हा दुसऱ्या कुणाचं घर सांभाळू? मला एकदा माझी चूल हवी." तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला तिच्यावर रागावताही येईना.

नेकारसुल्मला एका कँटीनमध्ये काम मिळालं, जवळच फ्लॅट मिळाला. आत्यांना सांगायला मी तीन संध्याकाळी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?" एवढंच. मी जायच्या आधी तळघरातली निम्मी लाकडं वर आणून बैठकीत, जिन्यात, पार माळ्यापर्यंत रचून ठेवली. जणू ती कधी संपणारच नव्हती.

ती फेब्रुवारीत संपली. आत्यांनी मला कळवलं नाही, शेजाऱ्यांनाही सांगितलं नाही. पिशवीत चार-चार लाकडं घालून स्वतः आणायला लागल्या आणि तळघराच्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. निकोचा फोन आला. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि ते ऐकवेना. उन्हाळ्यात घर विकलं गेलं. आत्या कायझर्सलाउटर्नच्या होममध्ये गेल्या.

मी महिन्यातून एकदा जायचो. डबा घेऊन, मान खाली घालून. तिथं खिडकीखाली रेडिएटर होता, सगळीकडे सारखी ऊब. चौथ्या-पाचव्या खेपेला आत्यांनी डबा बाजूला ठेवला. "तू काय इथं सुतक पाळायला येतोस का रे? तोंड बघ."

मी म्हणालो, माझ्यामुळे झालं.

मला वाटलं, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "राग आला होता मला. खूप आला होता. तू गेलास म्हणून नव्हे, तू जाणार हे तर ऑफिसात तुझ्या शेजारी बसले तेव्हाच माहीत होतं. गेल्यावर एकदाही विचारलं नाहीस, लाकडं उरलीत का, म्हणून." मग डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "गूळ जास्त झालाय."

त्यांनी मला माफ केलं, असं मी लिहू शकत नाही. त्यांनी ते तसंच समोर ठेवलं आणि जेवल्या. पुढच्या वसंतात त्या गेल्या. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातली एक गोष्ट मात्र सांगायची आहे.

घर घेतलेल्या तरुण जोडप्यानं निकोमार्फत आत्यांना निरोप पाठवला की शेगडी नीट पेटत नाही, खोलीत धूर होतो, काढूनच टाकावी म्हणतो. आत्यांनी मला फोन केला. कधी जमेल असं विचारलं नाही. "रविवारी जा," म्हणाल्या.

गेलो. बैठकीचा रंग बदलला होता, जमिनीवर लहान मुलाचे ठोकळे पसरले होते. शेगडीचं काहीच बिघडलं नव्हतं. हवेचा खटका ती दोघं पेटवण्याआधीच बंद करत होती. मी दाखवलं: आधी खटका पूर्ण उघडा, मोठी लाकडं खाली, बारीक ढलप्या वर, काडी वरूनच लावा, जाळ धरला की मग हळूहळू हवा कमी करा. पेटली. मुलगा काचेसमोर येऊन उभा राहिला. नवरा-बायको फार खूश झाले, कॉफी घ्या म्हणाले. मला तिथं थांबवेना. बस आहे म्हणून सांगून निघालो आणि रस्त्यावर येऊन आत्यांना फोन लावला.

"पेटली?"

"पेटली, आत्या. आता नाही काढणार ते."

"समोर बसलास का जरा?"

"नाही. लगेच निघालो."

मागे होमच्या जेवणघरातल्या ताटांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "परत जा. मला आता तिथं येता येत नाही. माझ्या वाटचं बस थोडा वेळ."

मी मागे वळून बेल वाजवली. त्या बाईला वाटलं, माझं काही राहिलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, थोडा वेळ बसलो तर चालेल का. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, काय समजली कोण जाणे, आणि ठोकळे बाजूला सारून खुर्ची ओढली. कुणी काही विचारलं नाही. आतलं मोठं लाकूड लाल होऊन मधोमध मोडेपर्यंत मी बसलो होतो.