लेथवाल्याचा ब्लूज

बावीस वर्षं लेथवर लोखंड कातलं की कान बधिर होतो म्हणतात. आमच्या लेथवाल्याचा उलट तिखट झाला. हत्यार बोथट झालं की मशीनच्या कण्हण्यावरून त्याला कळे. याच कानात तरुणपणी एका रेकॉर्डवरून ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या दुःखाच्या गाण्यांमधल्या गिटारचा सूर शिरला आणि ठाण मांडून बसला. गोड, पण काठाला जरासा फाटलेला. रडून मोकळ्या झालेल्या माणसाच्या गळ्यासारखा.

तो सूर आपल्या हातून निघावा म्हणून त्याने गिटारला जाड तारा चढवल्या, आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या आणल्या. तरी आवाज निघे तो परीटघडीचा. शेवटी वाद्यांच्या दुकानदाराने व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचे, दोन अॅम्प्लिफायर घरी वाजवून बघायला दिले. एक कपाटाएवढा, दुसरा बिस्किटांच्या डब्याहून थोडा मोठा. सोमवारी निदान एक परत करायचा. दोन्ही फसले तर गिटारच देऊन टाकायची, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी दोन्ही वाजवून झाले. खाली घरमालकीण राहते म्हणून आवाजाचं बटण एक आकड्याच्या पुढे सरकलं नाही. दोन्ही सारखेच मिळमिळीत. तो गिटार पिशवीत भरू लागला, तशी शेंगा सोलत बसलेली बायको म्हणाली, "अहो, परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं काय वाजवताय? घसा मोकळा सोडा की."

"मोठा सोडला तर भिंतीचा गिलावा पडेल."

"मग धाकट्याला सोडा."

ती स्वतःच खाली जाऊन दहा मिनिटांची मुभा मागून आली. त्याने धाकट्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. व्हॉल्व्ह तापून लालसर झाले. तार हलकेच छेडली तर आवाज कुजबुजला. जोरात ओढली, आणि सूर काठाला फाटला. अगदी तसाच. त्याने तीच तार पुन्हा ओढली.

घरमालकीण जिना चढून आली. "कुणाचा दात उपटताय की काय?" म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. अकरा वाजेपर्यंत उठली नाही. जाताना रविवारचे दहा ते अकरा त्याच्या नावे करून गेली.

सोमवारी कपाट परत आलेलं बघून दुकानदार चक्रावला. सगळे मोठाच ठेवून घेतात, म्हणाला.

"घर लहान आहे," लेथवाला म्हणाला. "तिथे मोठ्याला दबकून राहावं लागतं. धाकटा पोटभर ओरडतो."