दोन तेलं आणि तांबडी धूळ

हातखंब्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडीतलं जुनं तेल काढताना तो मधल्या धारेचं थोडं तेल नमुना म्हणून बाटलीत धरायचा आणि झाकण सापडेपर्यंत बाटलीवर तळहात ठेवायचा, जणू आत काजवा पकडलाय.

माझ्या गाडीत आधी स्वस्त सिंथेटिक तेल होतं, मग महागडं. महागडंच श्रेष्ठ, अशी भाषणं मी त्याच्या बाकावर बसून ठोकायचो. शेवटी त्याने दोन्ही वेळचे नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले.

रिपोर्ट आला. ओळींवर बोट फिरवत त्याने तो दोनदा वाचला. मी टाळ्यांची वाट पाहत उभा!

"तेलं दोन्ही चांगली, साहेब. पण दोन्हींत धूळ हाय, नि झिजलेलं लोखंड. इंजिन झिजत चाललंय तुमचं." मग हळूच म्हणाला, "एअर फिल्टर धुतलात काय ओ?"

धुतला होता. कागदी फिल्टर, नळाखाली, ब्रशने घासून, शेजाऱ्यांना दाखवत.

"कागद फाटला की तांबडी धूळ सरळ आत. तेल बिचारं काय करील?"

"वाचेल ना इंजिन?"

"आता आलात म्हणून."

नवा फिल्टर बसवताना तो जराही हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.