काकूंनी उचललेला फोन

आधी काकूंबद्दल. भंडाऱ्याजवळच्या कारध्यात त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, बायांना दम घ्यायलाही फुरसत नसते. त्याच दिवसांत काकू पाच दिवस मजुरी बुडवून माझ्यासाठी घरातल्या फोनजवळ बसून राहिल्या.

आमचं घर रत्नागिरीकडचं, पिढ्यान्‌पिढ्या खलाशांचं. मला एकट्यालाच बोट लागायची. आठवीत शाळा सोडून दोन खेपा केल्या, दोन्ही वेळा ओकून अर्धमेला झालो. मग ओळखीनं भंडाऱ्याला, पितळी भांड्यांच्या दुकानात आलो आणि माझ्या जागी धाकटा भाऊ जहाजावर गेला.

त्याचं जहाज आफ्रिकेजवळ चाच्यांनी धरलं. कंपनीनं कळवलं, ते खलाशांना एखादा फोन करू देतात, केव्हा ते सांगता येत नाही. भावाला तोंडपाठ असलेला नंबर एकच, काकूंचा; मला तो तिथंच फोन करायचा. मला तर सुट्टीही मिळेना.

भांड्यांना चकाकी आणताना आजोबांच्या गोष्टी आठवायच्या. आजोबा सांगायचे, आपले पूर्वज फिरंग्यांची गलबतं धरायचे, माणसं कोंडून ठेवायचे. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. त्या कोंडलेल्यांच्या घरी कोण वाट बघत असेल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी परतलो तर काकू दारातच उभ्या.

"आला होता फोन."

मला रडू फुटलं.

"रडू नको ना भाऊ. जित्ता आहे तो. म्हणे, दादाले सांगा, जेवून राहिलो. मंग कोणीतरी फोन हिसकला, काय बोलून राहिला काही समजे नाही. मी म्हणलं, काहून रे, पोराले पोटभर देता का नाही? तुले माय नाही का?"

"मग?"

"मंग काय! ठेवला त्यानं. भेला असन मले."

मला हसू आलं आणि हुंदकाही. उलट फोन लावायची काही सोय नव्हती. पुढे चार महिने मी नुसती वाट पाहिली, दुसरं काही हातात नव्हतं. मग भाऊ सुटून आला, अर्धा होऊन.

काकूंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेणार आहे. होडी भाऊ वल्हवील. बोट लागली तरी काकूंच्या शेजारी मी बसेन.