भावजींनी बुजवलेली भेग

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एका कारखान्यात गाड्यांच्या सीट शिवतात. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "वहिनी, एका सीटवर माणसं तरी किती बसवायची?" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, आणि त्यांनाही लागला असेल असं वाटत नाही. बोटांना कायम गोंद. पेपर वाचायला घेतला की पान बोटाबरोबर वर येतं. रेक्झिनचा टीचभर तुकडासुद्धा फेकणार नाहीत. "लागेल कधीतरी," म्हणतात आणि आणून आमच्या पलंगाखाली कोंबतात. तिथे झाडू फिरवायची सोय राहिलेली नाही.

घरात सासऱ्यांची जुनी गाडी आहे. सासरे गेले, गाडी राहिली. सासूबाईंची नजर गेल्यापासून त्या कुठे जात नाहीत, पण रविवारी मात्र या गाडीतून बहिणीकडे जायच्या. आमचे हे चालवायचे, आई शेजारी बसायच्या, हात पुढे डॅशबोर्डवर टेकवून. टॅक्सीचं नाव काढलं की म्हणायच्या, "परक्याच्या गाडीत जीव घाबरतो माझा."

मग एका उन्हाळ्यात डॅशबोर्ड तडकला. नेमका आईंच्या समोर. भेगेच्या कडा वाळून वर आल्या होत्या, त्यावर त्यांनी हात ठेवला आणि तळवा चांगलाच खरचटला. त्या खाली उतरल्या त्या उतरल्याच. "मी नाही आता बसायची या गाडीत," म्हणाल्या. रविवार आला की खुर्चीत बसून राहायच्या. मावशींचा फोन आला तरी दोन शब्द बोलून ठेवून द्यायच्या. जेवण कमी झालं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, खरं सांगते.

ह्यांनी नव्या डॅशबोर्डची चौकशी केली. त्या गाडीचा मिळतच नाही, आणि कुठे मिळालाच तर तो घ्यायला गाडी विकावी लागेल, अशी गत. भावजी म्हणाले, "नवा आणायला अक्कल लागत नाही. मी बघतो." आधी त्यांनी वरून बसवायचं तयार प्लास्टिकचं कव्हर आणलं. आईंनी हात फिरवला. "गाडीला टोपी कशाला घातलीत?" म्हणाल्या आणि उतरून घरात गेल्या. भावजींचं तोंड एवढंसं झालं.

मग मात्र माणूस इरेला पेटला. कारखान्यातून सुटले की थेट गाडीत. भेगेच्या वाळलेल्या कडा कापून काढल्या, भेग वर रुंद आणि खाली निमुळती केली, म्हणजे भरलेलं धरून राहील. त्यात वाकणारी पुट्टी भरली. कडक पुट्टी उन्हात पुन्हा फुटते म्हणे. दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळी पुट्टी पापुद्र्यासारखी सुटून हातात!

"दादा!" अशी हाक आली की शेजारीही बाहेर डोकावले. "ते चकाकीचं पॉलिश तू दर आठवड्याला चोपडत होतास ना?"

"गाडी चांगली दिसावी म्हणून रे," हे म्हणाले.

"ते आतपर्यंत मुरलंय! त्याच्यावर काय चिकटणार, डोंबल?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हसले, आणि लगेच मला शिक्षा मिळाली. माझा भांडी घासायचा ब्रश आणि साबण दोन्ही गाडीत गेले, ते परत आले नाहीत. घासून, पुसून, वाळवून भावजींनी पुन्हा पुट्टी भरली. या वेळी ती घट्ट धरली.

पण नुसती पुट्टी दिसते सपाट, आणि डॅशबोर्डवर असते चामड्यासारखी बारीक खरखर. तिचा ठसा त्यांनी काढला कशाने, तर न्हाणीघरातल्या फटी बुजवायच्या रबरी गोंदाने. काचेजवळच्या एका धडक्या कोपऱ्यावर साबणाचं पाणी लावून तो गोंद थापला, वाळल्यावर सोलून काढला. मग भेगेवर पुट्टीचा आणखी एक पातळ थर दिला आणि तो ओला असतानाच हा ठसा त्यावर दाबत गेले. वरून रंगाचे हलके फवारे. भेग कुठे होती ते मला शोधूनही सापडेना. मी म्हटलं, "भावजी, मानलं तुम्हाला!"

आईंना हाताला धरून आणून बसवलं. त्यांनी हात ठेवला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"गाडी बदललीत का रे?"

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, इतके दिवस भावजी राबतायत, आणि तुम्ही..."

"थांबा वहिनी." भावजी दाराशी गुडघ्यावर बसले. "आई, काय वेगळं लागतंय?"

"इथे गुळगुळीत होतं. माझा हात टेकून टेकून झालेलं. आता सगळीकडे सारखंच खरखरीत लागतंय. माझी जागा कुठंय यात?"

भावजींनी कपाळावर हात मारून घेतला. ठसा घेतला होता जिथे कधी कुणाचा हातच पोचला नाही त्या कोपऱ्याचा, आणि दाबला होता आईंच्या जागेवर. "मी गाडी कोरी करून ठेवली, वहिनी," मला म्हणाले, "आणि आईचा हात पुसून टाकला."

मग त्यांनी आईंचा तळवा पुन्हा टेकवून घेतला आणि त्याच्याभोवती खडूने रेघ ओढली. तेवढ्याच जागेवर ते बारीक घासकागद फिरवत बसले. थोडं घासायचं, आईंना हात लावायला सांगायचं. "अजून," आई म्हणायच्या. "हं, अजून जरासं." शेवटी त्या हात तिथे तसाच ठेवून बसल्या. मग भावजींनी वरून रंगाचा एक हात दिला आणि वाळेपर्यंत कुणाला गाडीजवळ फिरकू दिलं नाही.

रविवारी आई स्वतःहून पुढे जाऊन बसल्या. हात बरोबर जागेवर गेला. भावजी फाटकाजवळ चुळबुळत उभे होते.

"तू कुठे राहिलास रे?" आईंनी आतून हाक मारली. "बस मागे. मावशीला सांगते, माझ्या लेकाने माझी जागा मला परत दिली म्हणून."

भावजी मागे बसले ते सगळा रस्ता खिडकीबाहेर तोंड करून.