तिरल्याच्या तलावाचं पाणी कुठवर येतं

पाण्याची समीकरणं सोडवणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. गणित कॉम्प्युटर करतो आणि आम्ही नुसते पडद्याकडे बघत बसतो! बसल्याबसल्या माणूस एकतर भांडतो, नाहीतर बोलतो. देवासच्या आमच्या ऑफिसात जाधवसाहेब, वर्षा आणि मी असे तिघंच, त्यामुळे दोन्ही भरपूर.

पण हे किस्से एकाच आठवड्यातले. धार जिल्ह्यातल्या तिरल्याजवळच्या एका तलावाच्या पाळीला भेग पडली होती. पाळ फुटली तर पाणी खालच्या वस्तीत शिरेल का, हे आम्ही शुक्रवारी लिहून द्यायचं आणि त्यावरून वस्ती हलवायची की नाही ते ठरणार! त्या आठवड्यात मला घास गिळवत नव्हता, खरं सांगतो.

*

सोमवारी वर्षानं पाणी सोडलं. पडद्यावर! आम्ही जमिनीचे चौकोन पाडतो आणि वेळेचे छोटे टप्पे करतो. एका टप्प्यात पाण्यानं एकच चौकोन ओलांडावा, हा नियम. वर्षानं घाईत टप्पा मोठा घेतला आणि आकडे भडकले. लाट देवासच्या टेकडीपेक्षा उंच!

"सर, पूरा तिरला डूब गया!"

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तिरला काय, इंदूरही बुडालं. टप्पा लहान कर."

*

टप्पा लहान केला, तर कॉम्प्युटर म्हणतो नऊ दिवस लागतील! तेवढ्यात धारहून अधिकाऱ्यांचा फोन, "रिपोर्ट कब?"

साहेब भडकलेलेच होते. "तालाब की पाल से पूछ लीजिए, वो कब तक रुकेगी!"

फोन ठेवल्यावर ते स्वतःच वायरी घेऊन बसले. मग ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकत्र जोडले, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

*

साहेबांचा एक शिरस्ता आहे. तेच गणित आणखी बारीक चौकोनांवर करायचं. दोन्ही उत्तरं जुळली तरच सही.

बुधवारी जुळली नाहीत. एक म्हणे वस्तीत घोट्याएवढं पाणी, दुसरं म्हणे वस्ती कोरडी. मी कंटाळून म्हटलं, "सरासरी काढू या!"

"एक वैद्य म्हणतो सर्दी, दुसरा म्हणतो न्यूमोनिया. तू मधलं औषध देणार का रे?"

त्यांनी मला परत खुर्चीत बसवलं. चौकोन आणखी बारीक केले.

*

शुक्रवारी सकाळी उत्तरं जुळली. पाणी वस्तीच्या दोन शेतं अलीकडे थांबत होतं! वर्षानं पडद्याला हात जोडले. मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर पोहे खाल्ले.

"वस्तीला धोका नाही" असा कागद छापला. वस्तीचे म्हातारे पटेल तो न्यायला आले होते. साहेबांनी पेन उघडलं, पण सहीआधी पटेलांना पडद्यावर पाणी दाखवलं.

पटेल वाकून बघत राहिले. "भिया, यो पाणी याँ क्यों रुकी ग्यो?"

"वहाँ ऊँची मेड़ है ना, पटेल साब," वर्षानं पडद्यावरच्या शेताच्या बांधावर बोट ठेवलं. "पिछले महीने ड्रोन ने ऊपर से ज़मीन की ऊँचाई नापी, उसमें आई है. आदमी से भी ऊँची."

"मेड़ काँ की, बेटा? वाँ तो म्हारी मक्का ऊबी थी. परसों काटी ली."