एका घरातली दोन मते

मेहरुन्निसाबाई परकार यांची आणि माझी ओळख सौदी अरेबियातल्या रास तनुराजवळच्या भारतीय शाळेत झाली. तेलाच्या भरभराटीचे दिवस होते. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून आम्ही दोघी तिथे पोचलो होतो. त्या इतिहास शिकवत, मी गणित. पहिल्याच दिवशी तांदळाची भाकरी माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "तुम्हीही रत्नागिरीच्याच ना? मग लाजता कशाला?"

स्त्रियांच्या मताधिकाराचा धडा शिकवताना बाई स्वतःच्या आईंची हकीकत सांगत. मतदार नोंदवायला आलेल्या माणसाला, परक्यापुढे स्वतःचे नाव कसे सांगायचे म्हणून, आईंनी 'इब्राहिमची बायको' एवढेच सांगितले. यादीत नाव नाही, म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत त्यांना मत देता आले नाही.

पुढे शाळेच्या समितीने आठवीनंतरचे मुलींचे वर्ग बंद करायचा प्रस्ताव आणला. निर्णय पालकसभेत व्हायचा होता आणि तिथे घरटी एकच मत, तेही वडिलांचे. मागच्या रांगेतून बाई उठल्या. "आम्हा आयांनाही मत हवं."

अध्यक्ष हसले. "अहो बाई, हसनभाई आहेत की तुमचे!"

"ते त्यांचं देतील. माझं मी देईन."

विरोध केला तो बाईंच्या नवऱ्यानेच, हसनभाईंनी. बायकांची ही चळवळ कफिलाच्या, म्हणजे जामीनदार मालकाच्या, कानावर गेली तर राहण्याचा परवानाच जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. प्रश्न पुढच्या सभेवर गेला.

बाईंनी घरात भांडण केले नाही, माघारही घेतली नाही. त्या घरोघरी आयांना भेटत राहिल्या. बायकांना गाडी चालवायची मुभा नव्हती, म्हणून न्यायला हसनभाईच लागत. उन्हात गाडीत बसून कंटाळलेले हसनभाई हळूहळू आत येऊन बसू लागले. एका घरी, लेकीला एकटीला गावी वसतिगृहात धाडावे लागणार म्हणून रडणारी आई त्यांनी पाहिली. पुढच्या सभेत ते उभे राहिले. "आयांना मत द्या. मी विरोध मागे घेतो."

आयांना मत मिळाले आणि त्या मतांवर वर्ग टिकले. एका आईने मात्र वर्ग बंद करण्याच्या बाजूने हात वर केला. मी चिडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिनं तिचं मत दिलं. त्याचसाठी मागितलं होतं ना?" त्याच आईच्या मुलीला बाईंनी पुढे दहावीपर्यंत घरी बोलावून शिकवले.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आमचे म्हणणे नीट ऐकून घेऊन मग ते खोडून काढायला त्या आम्हांला पुष्कळ वर्षे, अशाच धडधाकट लाभोत.