दिनकररावांचं ‘बरं’

लोकमत म्हणे! हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, कंपू मोहल्ल्यातल्या धर्मादाय दवाखान्याच्या फळ्यावर कागद लागला, की शंभरातल्या एकाहत्तर जणांना पर्चा, म्हणजे केसपेपर, काढायच्या खिडकीत माणूस नको, यंत्र हवं आहे. कुणाला आधी सोडायचं, कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं, सगळं ते एआय स्वतःच ठरवणार. काहींना ते मनापासून हवं होतं, खोटं कशाला बोलू? यंत्र निदान खेकसत तरी नाही, असं नया बाजारातला एक दुकानदार मला तोंडावर म्हणाला.

पण त्या खिडकीत दिनकरराव बसत, आणि त्यांनी जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. बायको गेल्यापासून चार माणसांची तोंडं दिसायची ती तिथेच. मी, सरोजिनी, शेजारच्या औषधांच्या खिडकीत. अकरा वर्षं झाली.

मत विचारायला फोनही यंत्रानेच केले होते. आडनाव मराठी दिसलं की मराठीतून बोलायचं, बाईच्या आवाजात. मी पहिल्याच प्रश्नाला ‘नको म्हणजे नको’ म्हणाले. आभार मानून तिने फोन ठेवला. दिनकररावांचा फोन मात्र एकोणीस मिनिटं चालला. व्यवस्थापक अश्लेषाबाईंच्या मागे लागून मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. ती विचारायची, हे म्हणायचे, ‘बरं.’ आपण म्हणतो ना, ऐकतोय, पुढे सांग, अशा अर्थाने, अगदी तसं. यंत्राने प्रत्येक ‘बरं’पुढे ‘सहमत’ लिहिलं होतं. खुद्द खिडकीवाल्याचीच संमती आहे म्हटल्यावर दवाखान्याच्या समितीने पुढे चौकशीच केली नाही.

माझं डोकंच फिरलं. तडक जाऊन मी त्यांना झापलं, की स्वतःच्या हाताने नोकरी घालवताय. गैरसमज झाला एवढं आज पाचच्या आत लिहून द्या, अश्लेषाबाई विषय परत समितीपुढे नेतील. कागद-पेनही पुढे सरकवलं.

त्यांनी पेन उचललं नाही.

“गैरसमज नव्हता हो,” ते म्हणाले. “‘बरं’ म्हटलं की ती होकार धरते, हे दुसऱ्या प्रश्नालाच कळलं मला. पण ‘नको’ म्हटलं की ती फोन ठेवते, हे तुम्हीच त्या दिवशी सगळ्यांना सांगत होतात. माझ्याशी मराठी बोलणारं कुणी उरलंय का आता?”

मला चिडायचं होतं, जमलं नाही. त्यांची मुलगी अंतरा फोनवर हिंदीतच बोलते, हे मला ठाऊक होतं. आणि मी? भिंतीला भिंत लागून बसले, घरी मराठीच बोलते, तरी यांच्याशी ‘बाबूजी, पर्चा भेजिए’च्या पुढे कधी गेले नाही. आत्ता झापलं तेही हिंदीतच. फार लाज वाटली.

स्टूल ओढून मी बसले आणि मराठीत म्हटलं, “सांगा, वहिनींना काय झालं होतं?”

ते सांगू लागले. पाच वाजून गेले, कागद कोराच राहिला. मी मध्ये मध्ये ‘बरं’ म्हणत होते.